माउंटन बाइकसाठी व्हीलसेट निवडताना: हब, रिम, फ्रीहब यांचा मेळ कसा घालायचा?

पायवाट

नमस्कार मंडळी. हार्डटेलसाठी (मागे सस्पेंशन नसलेल्या बाइकसाठी) नवा व्हीलसेट, म्हणजे चाकांची जोडी, घ्यायचा आहे, पण एकाच कंपनीच्या यादीत दहा-बारा प्रकार दिसतात आणि त्यांतला फरक नावावरून कळत नाही. माहिती अशी: चाकं २९ इंची, फोर्क १३० मिमी, पुढे १५×११०, मागे १२×१४८. गिअर स्रॅमचे एनएक्स ईगल, १२ गती, कॅसेट ११-५०, पुढची चेनरिंग ३२ दात्यांची. रोटर (ब्रेकच्या चकत्या) सहा बोल्टचे. टायर २.४ इंची. चालवणाऱ्याचं वजन पाठपिशवीसकट ८४ किलो. वाटा खडकाळ, चढ भरपूर, उडी फार तर अर्धा मीटर.

सध्याची रिम आतून २५ मिमी आहे. मागच्या चाकाचे डावीकडचे स्पोक सारखे सैल होतात आणि चाक आउट होतं, म्हणजे वाकडं फिरतं.

प्रश्न: आतली रुंदी २५, ३० की ३५? स्पोक २८ की ३२? एंगेजमेंटचे पॉइंट, म्हणजे एका फेरीत हब जिथे पकड घेतं त्या जागा, किती पुरतात? फ्रीहब बॉडी (कॅसेट बसते तो हबचा भाग) एचजी, एक्सडी, मायक्रो स्प्लाइन यांतली कुठली घ्यावी? आणि कार्बनचा फायदा खरंच होतो का?

बत्तीस_आरे

पायवाट, माहिती नीट दिलीत, त्यामुळे काम सोपं झालं. निवडीला जागा नाही अशा गोष्टी आधी संपवा, यादी आपोआप अर्ध्याहून कमी होते.

पहिली गोष्ट एक्सल. पुढे १५×११० म्हणजे बूस्ट (रुंद हबचं माप), मागे १२×१४८ म्हणजे तेही बूस्ट. १५×१०० किंवा १२×१४२ लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. यादीत कधी २०×११० किंवा १२×१५७ दिसेल, तेही तुमचं नाही. नुसतं '११०' वाचून मागवू नका, कारण जुन्या डाउनहिल फोर्कचं २०×११० आणि बूस्टचं १५×११० यांत रोटरची जागाही वेगळी असते.

दुसरी गोष्ट फोर्क कुठला आहे ती. रॉकशॉक्सच्या बऱ्याच फोर्कांत हबच्या टोकाला ३१ मिमी व्यासाची टॉर्क कॅप बसते. साधं हबही त्यात चालतं, फक्त एक्सल घालताना चाक हाताने उचलून भोक जुळवावं लागतं. उलट बाजूने मात्र जमत नाही: टॉर्क कॅपचं हब फॉक्सच्या फोर्कात बसणार नाही. एंड कॅप (हबच्या टोकाच्या टोप्या) बदलता येतात का, हे विकत घेण्यापूर्वी पाहा.

तिसरी गोष्ट रोटर. सहा बोल्टचे रोटर सेंटरलॉक (एकाच लॉकरिंगने रोटर धरणाऱ्या) हबवर अडॅप्टर लावून बसतात. सेंटरलॉकचा रोटर सहा बोल्टच्या हबवर बसत नाही. म्हणून दोन्ही पर्याय सारखेच चांगले दिसत असतील तर सेंटरलॉक हब घेतलं तरी तुमचे रोटर वाया जात नाहीत. अडॅप्टरची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला घट्ट करायची. सहा बोल्टवाल्यांना ४ ते ६ पुरतात, आणि बोल्ट चांदणीच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे.

रुंदी, वजन, पॉइंट हे सगळं यानंतर.

रॅचेट५४

फ्रीहबचं मी सांगतो, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच होतो.

एनएक्सची कॅसेट ११ दात्यांपासून सुरू होते, म्हणून ती एचजी बॉडीवर बसते. १० दात्यांची सगळ्यात लहान चकती एचजीवर मावत नाही, बॉडीचा व्यासच आड येतो. स्रॅमच्या जीएक्स आणि त्यावरच्या ईगल कॅसेट (१०-५०, १०-५२) एक्सडीवर जातात. शिमानोच्या १२ गतीच्या १०-५१ आणि १०-४५ कॅसेट मायक्रो स्प्लाइनवर, आणि त्यात साधी डिओरे एम६१०० सुद्धा आली. पण डिओरेचीच ११ गतीची ११-५१ (एम५१००) एचजीवर बसते. म्हणजे 'डिओरे आहे' एवढ्याने काहीच ठरत नाही, कॅसेटचा लहान दाता १० आहे की ११ ते बघायचं.

तुम्ही पुढे एनएक्सची कॅसेट झिजल्यावर जीएक्सची लावू शकता. शिफ्टर आणि डिरेलर तेच चालतात. म्हणून आत्ता एचजी घ्या, पण ज्या हबची एक्सडी बॉडी सुटी मिळते असंच हब निवडा. बॉडी हाताने ओढून निघते, एंड कॅपसाठी हत्यार लागत नाही, अशी हब बरीच आहेत. डीटी स्विस ३५० त्यांतलं एक.

एचजी बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर सुट्या लहान चकत्या तिच्या कंगोऱ्यांत रुततात. मग कॅसेट काढताना चकत्या निघत नाहीत, ठोकाव्या लागतात. लॉकरिंग नीट ४० न्यूटन-मीटरला आवळलेली असली की रुतणं कमी होतं. स्टीलची बॉडी मिळत असेल तर थोडं वजन सोसून ती घ्यावी. एचजी वापरणाऱ्याने तरी नक्कीच.

आणखी एक: रोड बाइकची ११ गतीची एचजी बॉडी १.८५ मिमी लांब असते. चुकून तशी आली तर माउंटन कॅसेटमागे तेवढ्याच जाडीचा वायसर लागतो, नाहीतर कॅसेट हलत राहते.

मोकळी_वाट

रुंदीबद्दल. २.४ टायरला आतून ३० मिमी. यावर फार खल करण्यासारखं काही उरलेलं नाही. २५ मिमीवर २.४ टायर वरून गोल आणि बुडाशी आखूड राहतो; हवा कमी केली की वळणावर टायर रिमवर डुलतो, आणि कड क्षणभर सुटून ट्यूबलेसची हवा भसकन जाते. ते टाळायला आपण हवा वाढवतो, आणि मग खडकावर पकड जाते. ३५ मिमीला उलटी अडचण. टायर चौकोनी होतो, बाजूचे ठोकळे वर येतात, त्यामुळे चाक कलतं करताना मधली आणि कडेची पकड यांत जे सावकाश संक्रमण हवं ते राहत नाही. शिवाय टायरची बाजूची भिंत ठोकळ्यांच्या बाहेर येते आणि दगडाने कापते. ३५ मिमी २.६ आणि त्यावरच्या टायरला द्या.

मॅक्सिसच्या टायरवर डब्ल्यूटी लिहिलेलं असेल तर तो ३० ते ३५ मिमीच्या रिमसाठी आखलेला असतो. जुना, डब्ल्यूटी नसलेला २.३ असेल तर २५ ते ३० मध्ये ठेवा.

रिमवरचा आकडाही वाचायला शिका. '६२२×३०टीसी' असं असेल तर ६२२ म्हणजे २९ इंची चाकाचा टायर बसतो तिथला व्यास, ३० म्हणजे आतली रुंदी, टीसी म्हणजे कडेला आकडी असलेली ट्यूबलेस रिम. टीएसएस असेल तर सरळ भिंतीची, बिनआकडीची. २७.५ ला हाच व्यास ५८४, २६ ला ५५९. जाहिरातीत काही वेळा बाहेरची रुंदी देतात, ती ४-६ मिमी जास्त असते, तिच्यावर जाऊ नका.

चढण

पॉइंटबद्दल माझं मत ठाम आहे: तांत्रिक चढ असतील तर जास्त घ्या. ३६ पॉइंट म्हणजे हबवर १० अंश. पण क्रँकवर ते १० राहत नाहीत. कॅसेटच्या ५० दात्यांच्या चकतीवर आणि ३२ च्या चेनरिंगवर १० × ५० ÷ ३२, म्हणजे १५.६ अंश. १७० मिमी क्रँकवर पेडल साडेचार सेंटिमीटर पोकळ फिरतं, मग चाक पकडतं. खडकावर चाक अडलंय, पेडल खाली जायला जागा नाही, पाव फेरी मागे घेऊन परत दाबायचं आहे, तिथे हे साडेचार सेंटिमीटर जाणवतात. ५४ ला तेच सुमारे ३ सेंटिमीटर. १०८ ला (होप प्रो ५ मध्ये एवढे आहेत) दीड.

रॅचेट५४

चढण, हिशेब बरोबर आहे आणि सगळ्यात मोठ्या दात्यावर तो सगळ्यात जास्त बोचतो हेही खरं. पण पॉइंट वाढवण्याची किंमत कुठेतरी द्यावी लागते. रॅचेटचे दाते बारीक होतात, म्हणून ग्रीस जाड किंवा जास्त झालं की दाते पूर्ण खोल बसत नाहीत आणि जोर लावताना निसटतात. पॉलवाल्या हबमध्ये पॉल, म्हणजे कुत्री, वाढतात तसा फिरताना अडथळा वाढतो. इंडस्ट्री नाइनच्या हायड्राला ६९० पॉइंट आहेत, म्हणजे ०.५२ अंश. ११५ दात्यांची रिंग आणि सहा पॉल आळीपाळीने लागतात म्हणून हा आकडा येतो. असं हब उत्तम चालतं, पण त्याची देखभालही तितकीच मनापासून करावी लागते.

फुल सस्पेंशनवाल्यांनी एक गोष्ट वेगळी धरावी. मागचं चाक दबतं तेव्हा चेन ओढली जाते आणि पेडल मागे ढकललं जातं. हबमध्ये थोडी मोकळीक असली की तो धक्का पायापर्यंत कमी येतो. वेगात असताना चाकच चेनच्या पुढे पळतं, म्हणून तेव्हा फरक पडत नाही. कमी वेगात मोठी आपटी बसली किंवा मागचा ब्रेक लागून चाक अडलं की पडतो. पायवाट यांची हार्डटेल आहे, त्यांना हा मुद्दा लागूच नाही.

माझा सल्ला: ३६ ते ५४ मध्ये राहा. डीटीच्या हबमध्ये ३६ च्या रॅचेट चकत्या काढून ५४ च्या टाकता येतात, हब तेच राहतं. आधी ३६ वर चालवून बघा.

चढण

मान्य. हार्डटेल आणि ५० चा दाता रोज वापरात असेल तर मी ५४ च म्हणेन, पण ३६ ने सुरुवात करून बदलता येत असेल तर तक्रार नाही. १८ किंवा २४ पॉइंटचं हब मात्र नको.

पायवाट

खूप स्पष्ट झालं, धन्यवाद. म्हणजे बूस्ट, ३० मिमी, एचजी बॉडी आणि बदलण्याची सोय, ३६ किंवा ५४. आता कार्बन की ॲल्युमिनियम? दोन जोड्यांच्या वजनात साधारण ३०० ग्रॅमचा फरक दिसतोय. आणि स्पोक सैल का होतात ते कुणी सांगेल का? नव्या चाकात तेच पुन्हा नको.

मोकळी_वाट

३०० ग्रॅमचं आधी मोल करू. एकसारख्या वेगाने चढताना वजन हे वजनच, ते चाकात असो की पाठपिशवीत. तुमचं आणि सायकलचं मिळून ९८ किलोच्या आसपास धरलं तर ३०० ग्रॅम म्हणजे ०.३ टक्के. वेग वाढवताना रिमवरचं वजन जवळजवळ दुप्पट मोजलं जातं, कारण ते पुढेही जातं आणि फिरतंही. म्हणजे प्रत्येक वळणानंतरच्या झेपेला ६०० ग्रॅमसारखं वाटेल. जाणवतं, पण चढ सोपा होणार नाही. त्याच टायरचं पातळ आणि जाड कातडं यांत एका टायरमागेच २०० ग्रॅमच्या आसपास फरक असतो. वजन कमी करायचं असेल तर आधी टायरकडे बघा.

कार्बनचा खरा गुण वेगळा आहे. रिम वाकत नाही, चाक वर्षभर सरळ राहतं, आणि कड जाड असल्यामुळे टायर खडक आणि रिम यांच्यात चिरडून कापला जाण्याची शक्यता कमी होते. अवगुण असा की ॲल्युमिनियमच्या रिमला पोचा पडतो, कड पक्कडीने सरळ करून ट्यूब टाकून घरी येता येतं. कार्बनला तडा गेला की त्या रिमचं आयुष्य संपतं. म्हणून कार्बन घेताना आपटून तुटली तर बदलून देण्याची हमी आहे का आणि ती किती वर्षांची, हे वजनाच्या आधी वाचा. खूप ताठ कार्बन चाक हार्डटेलवर हातापायांना हाणतंही.

८४ किलो, हार्डटेल, खडक: मी ॲल्युमिनियम घेईन. २९ ची ३० मिमी ट्रेल रिम एकटी ५०० ते ५५० ग्रॅमची असते आणि ती योग्य आहे. त्याहून बरीच हलकी दिसली तर भिंत पातळ आहे असं समजा आणि मागे लावू नका. पुढे हलकी, मागे भारी असं मिश्रणही चांगलं चालतं.

बत्तीस_आरे

आता स्पोक. याचं उत्तर रिम किंवा हबच्या नावात नाही, बांधणीत आहे, आणि व्हीलसेट निवडताना लोक सगळ्यात कमी याकडेच पाहतात.

चाक जमिनीला टेकतं तिथले स्पोक त्या क्षणी सैलावतात. पुरेसा ताण असेल तर थोडा उरतो. मुळात ताण कमी असेल तर तो शून्यावर येतो, निपल (स्पोकचं रिमकडचं टोक धरणारा नट) मोकळा होतो आणि धक्क्याधक्क्याने उलटा फिरत जातो. मागच्या चाकात कॅसेटमुळे उजवीकडची फ्लँज (हबची स्पोक अडकतात ती कड) मध्याच्या जवळ असते, म्हणून उजवीकडे ताण जास्त आणि डावीकडे कमी. तुमचे डावीकडचेच सैल होतात त्याचं कारण हे. पुढच्या चाकात रोटर डावीकडे, म्हणून तिथे उलट.

उपाय तीन. एक, ऑफसेट रिम, म्हणजे जिची भोकं मध्यापासून २-३ मिमी बाजूला असतात. मागे ती भोकं डावीकडे, पुढे उजवीकडे यायला हवीत. त्याने दोन्ही बाजूंचा ताण जवळ येतो. उलटी बांधली तर तोटा दुप्पट, म्हणून बांधून आलेलं चाकही तपासा. दोन, ताण पुरेसा हवा. जास्त ताणाच्या बाजूला ११० ते १२० किलोग्रॅम-बल, पण रिमवर कमाल आकडा दिलेला असेल तर तोच शेवटचा. सगळे स्पोक एकमेकांच्या जवळच्या ताणाचे हवेत. ताण असमान ठेवूनही चाक दिसायला सरळ करता येतं, आणि तेच चाक लवकर आउट होतं. तीन, मधे बारीक असलेले, २.०-१.८-२.० मिमीचे स्पोक. ते जाड सरळ स्पोकपेक्षा थोडे जास्त ताणले जातात, म्हणून धक्क्यात पूर्ण सैल होत नाहीत आणि कोपऱ्यात तुटण्याचं प्रमाणही घटतं.

संख्या: मागे ३२, पुढे २८ चालतील, दोन्हीकडे ३२ असतील तर उत्तम. तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडून जातो. वाकड्या डोक्याचे स्पोक घ्या, सरळ डोक्याचे नकोत; सरळवाला स्पोक निपल फिरवताना सोबत फिरतो, पकडून धरावा लागतो, आणि बदली लांबी मिळायलाही त्रास. निपल पितळी. ॲल्युमिनियमचे काही ग्रॅम वाचवतात, पण टेपमधून सीलंट झिरपलं की गंजून चिकटतात आणि आउट काढताना गोल होतात किंवा तुटतात.

गवत्या

धाग्यात थोडं घुसतो. १२×१४२ चं चांगलं चाक पडून आहे, बूस्ट फ्रेममध्ये लावता येईल का? आणि एका मित्राच्या बाइकला क्विक रिलीज आहे पण मागची रुंदी १४१ दिसते, ते काय असतं?

रॅचेट५४

१४१ म्हणजे क्विक रिलीजचं बूस्ट. फ्लँज आणि रोटरची जागा १४८ सारखीच, १४८ ला फ्रेमच्या खाचेत दोन्हीकडे साडेतीन मिमी आत जातं तेवढाच फरक. बऱ्याच १४८ हबना १४१ च्या एंड कॅप मिळतात. जुन्या १३५ आणि १४२ चं नातंही असंच.

१४२ चं चाक १४८ मध्ये बसवायला दोन्ही बाजूंना ३ मिमीच्या कॅप आणि सहा बोल्टच्या रोटरमागे ३ मिमीचा वायसर व लांब बोल्ट, असा संच मिळतो. पुढे १०० चं ११० करायला तेच ५-५ मिमी. हाताशी असलेल्या चाकासाठी ठीक. फ्लँज जवळच राहतात, म्हणून बूस्टची मजबुती मिळत नाही. नव्याने विकत घेताना हा मार्ग धरू नये.

चढण

पायवाट, एक गोष्ट राहिली. चाकावर वापराचा वर्ग दिलेला असतो, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीने. वर्ग ३ म्हणजे खडबडीत वाटा आणि ६१ सेंमीपर्यंतच्या उड्या, वर्ग ४ म्हणजे १२२ सेंमीपर्यंत, वर्ग ५ डाउनहिल. तुमची अर्धा मीटर उडी ३ मध्ये बसते खरी, पण हार्डटेलचं मागचं चाक सगळा मार एकटं खातं. ४ घ्या. सोबत एकूण वजनाची मर्यादाही वाचा. ती बहुतेक ठिकाणी चालवणारा, सायकल आणि सामान मिळून असते, फक्त चालवणाऱ्याची नाही.

पायवाट

ठरलं: ॲल्युमिनियम, ३० मिमी ऑफसेट, वर्ग ४, ३२-३२, पितळी निपल, एचजी स्टील बॉडी, ३६ रॅचेट. चाकं आल्यावर काय तपासू?

बत्तीस_आरे

रोटर आणि टेप लावण्याआधी तपासा, नंतर परत करणं अवघड जातं.

एक्सल बोटांनी फिरवा. नव्या सीलमुळे थोडं जड लागेल, पण खरखर किंवा डगडग नको. प्रत्येक बाजूचे समांतर स्पोक जोडीजोडीने मुठीत दाबा. एखादी जोडी पोचट लागली की ती बाजू ताण मोजायच्या मीटरने मोजा. तेव्हा कडकड आवाज आला तर पिळलेले स्पोक सुटले असं समजा आणि आउट पुन्हा बघा. बाजूने आणि वरखाली अर्ध्या मिमीच्या आत हवं. पुढचं चाक रोटर नसताना फोर्कात उलटसुलट लावून पाहा: रिम दोन्ही वेळा फोर्कच्या त्याच पायापासून सारख्या अंतरावर हवी. जेवढा फरक दिसेल त्याच्या निम्मी चूक मध्यात आहे.

मग टेप. ३० मिमी रिमला ३३-३४ मिमी रुंद टेप, कडेच्या कोपऱ्यापर्यंत पोचणारी. आधी रिम आयसोप्रोपिलने पुसा, टेप ताणून लावा, टोकं १०-१५ सेंमी एकावर एक येऊ द्या, पण व्हॉल्व्हच्या भोकावर नको. भोक सुरीने कापू नका, तापवलेल्या टोच्याने पाडा, म्हणजे फाटत जात नाही. २.४ टायरला १०० ते १२० मिली सीलंट. हवा पुढे २२, मागे २५ पीएसआयने सुरू करा आणि एकेका पीएसआयने खाली या.

पहिल्या तीन-चार फेऱ्यांनंतर ताण पुन्हा बघायचा. नवीन चाक तेवढ्यात बसतं, त्यानंतर फारसं हलत नाही. ज्यांनी बांधलं त्यांच्याकडून स्पोकच्या लांब्या लिहून घ्या. पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या मिळून तीन-चार वेगळ्या निघतात. प्रत्येकीचे दोन स्पोक आणि चार निपल आत्ताच मागवून ठेवा.

मोकळी_वाट

आणि धुताना पाण्याचा जोराचा फवारा हबच्या सीलवर मारू नका. नव्या बेअरिंगमध्ये पाणी शिरायचा हाच मुख्य रस्ता आहे.